उतारावरच्या बागेचे नाव

ललितगद्याचा पेपर शिकवताना आम्ही दर वर्षी एक स्वाध्याय देतो. आठवणीतल्या एखाद्या बागेविषयी दोन पाने लिहायची. उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. परसदार असते, विहिरीचा रहाट असतो, पारिजातकाचा सडा असतो, आणि पहाटे परडी घेऊन फुले वेचणारी आजी असते. लिहिणारी मुले असतात वरळीची, लालबागची, डिलाईल रोडची, नायगावची. त्यांच्या आज्यांनी परसदार पाहिले असलेच तर ते लग्नापूर्वी, गावी. नातवंडांनी पाहिले ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यांत. आम्ही 'वर्णन छान' असा लाल शेरा मारतो आणि वही परत करतो. उसन्या आठवणीला दिलेली ही शाबासकी आहे, हे कळूनही अनेक वर्षे आम्ही ती देत आलो.

गेल्या वर्षी वरळीच्या एका मुलीने दोन पानांऐवजी जेमतेम पाऊण पान लिहून दिले. त्याची सुरुवात अशी होती: आमच्याकडे बाग नव्हती, आजोबा सकाळी डोंगरावर पाणी घेऊन जायचे, तिथे त्यांची आणि आणखी चार-पाच जणांची झाडे होती, ती जागा आता नाही. पुढे झाडांची नावे होती, आणि प्रत्येक नावापुढे ते रोप कोणी दिले त्याचे नाव. पारिजातक नव्हता. सडा नव्हता.

आम्ही दोघे एकाच विभागात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला आणि दुसरी पुण्यात, टेकडीच्या पायथ्याशी. ते पाऊण पान आम्ही दोघांनी वाचले, आणि मधल्या सुट्टीत चहा गार होईपर्यंत आमचा वाद झाला. प्रस्तुत लेख त्या वादातून निघाला आहे. वाद मिटला आहे असा आमचा दावा नाही.

वरळी म्हटले की लोकांना समुद्र आठवतो. सी-फेसचा कठडा, पलीकडचा सागरी सेतू, कोळीवाडा, किल्ला. डोंगर कोणाला आठवत नाही. त्याच्या अंगाखांद्यावर इतकी घरे चढली आहेत की तो डोंगर आहे हे लक्षात येण्यासाठी पायऱ्या चढून धाप लागावी लागते. पण वरळी मुळात बेट होते आणि बेटाचा कणा हा डोंगर होता. भूशास्त्राच्या अभ्यासकांना तो चांगला परिचित आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात इथे इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले, आणि रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 साली त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारा तोच हा ओवेन. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात, या ठिकाणी गोडे पाणी होते आणि त्यात बेडूक होते. पाण्याशी या डोंगराचे नाते इतके जुने आहे. आजही त्याच्या माथ्यावर महापालिकेचा जलाशय आहे. तानसा-वैतरणेच्या दिशेने, ठाणे जिल्ह्यातल्या धरणांतून आलेले पाणी असे उंचावर साठवायचे आणि उताराच्या जोरावर खालच्या वस्तीला वाटायचे, अशी ती व्यवस्था.

या डोंगरापासून हाकेच्या अंतरावर, ॲनी बेझंट रस्त्याच्या पलीकडे बीडीडी चाळी. 1920 साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या दशकात मुंबईत चार ठिकाणी ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकी 121 एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. खिडकीत तुळशीची कुंडी ठेवायची तर उजेडाचा हिशेब करावा लागे. अशा ठिकाणी बागेची हौस कोणी करावी?

ती केली संप फसल्यानंतर रिकाम्या झालेल्या माणसांनी. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या हळूहळू पुन्हा चालू झाल्या, पण सगळ्यांना बोलावणे आले नाही. आमच्यातल्या वरळीकराला आठवते ते 1985 ते 1992 च्या दरम्यानचे: पाळीचा भोंगा झाला तरी घरीच असलेले बाप, जिन्यात बसलेले काका, आणि सकाळी सहाच्या सुमारास हातात पाच-पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे पाण्याने भरून डोंगराकडे निघालेली चार-सहा माणसे. त्या जागेला कोणी बाग म्हणत नसे. 'वर' म्हणत. 'जरा वर जाऊन येतो', 'वरची पपई पिकली', 'पावसाने वरचा गडगा पडला.'

गडगा हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. उतारावर माती टिकत नाही. खाली काळा कातळ, वर वीतभर मुरूम. पहिल्याच पावसात सगळे वाहून रस्त्यावर येणार. तेव्हा आधी बांध घालणे आले. या माणसांत महाडकडचे होते तसे पाटणकडचेही होते. महाडच्यांनी रचला तो गडगा. पाटणच्याने घातली ती ताल. दोन्ही बिनचुन्याची, दगडावर दगड बसवून केलेली. फरक मुख्यतः शब्दाचा, आणि थोडा दगड निवडण्याच्या पद्धतीचा. त्यावरून होणारी कुरबुर आमच्या वरळीकराच्या कानात अजून आहे: तुमचा गडगा फुगतो, तुमची ताल बसते. कारखान्यात वीस वर्षे एका खात्यात काम केलेल्या दोन माणसांना एकमेकांचे गाव कळले ते या बांधावर. मातीचेही तसेच. रस्ता खणला की निघणारी माती पोत्याने उचलून आणायची, आणि होळी-गणपतीला गावी गेलेला माणूस कापडी पिशवीतून एसटीने मूठभर लाल माती आणायचा. मूठभर मातीने उतार भरत नाही, हे त्याला कळत नव्हते असे नाही.

तिथे होते काय? तगर, जास्वंद, सदाफुली, कोरांटी. गवती चहा. पानओवा. कढीपत्ता, ज्याच्यावर सगळ्या चाळीचा हक्क होता. पाणी झिरपे तिथे अळू. पपईची दोन झाडे. एक अनंत, जो तीन वर्षे फुललाच नाही. आणि अडुळसा, बराच अडुळसा. त्याचे कारण आमच्या वरळीकराला फार उशिरा कळले. कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसांच्या छातीत खोकला मुक्कामाला असतो, आणि अडुळशाचा काढा हा त्यावरचा परवडणारा उपाय होता. फुले विकायची नाहीत असा एक नियम होता. दसऱ्याला झेंडू लावून तो एकाने मोडला, तेव्हा त्याच्याशी दोन महिने कोणी बोलले नाही. पुढच्या दसऱ्याला आणखी दोघांनी झेंडू लावला. उपाशी माणसांनी केलेला नियम किती दिवस टिकावा?

पाण्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डोंगराच्या माथ्यावर जलाशय भरलेला. त्याच्याकडे कोणी बोट दाखवायचे नाही, तो शहराचा. ते पाणी नळांतून खाली वस्त्यांत उतरायचे, पहाटे चाळीच्या नळाला दोन-अडीच तास यायचे, बायका रांगेत उभ्या राहून ते भरायच्या, आणि त्यातले दहा लिटर पुरुष पुन्हा त्याच डोंगरावर चढवून न्यायचे. तगरीपर्यंत पोचायला पाण्याला एवढा फेरा पडे. यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. नळावर झोप मोडून उभी राहिलेली बाई या बागेच्या कुठल्याच आठवणीत माळी म्हणून येत नाही. त्या मुलीच्या पाऊण पानातही आजोबा पाणी नेतात. ते भरून कोण ठेवते ते लिहिलेले नाही. आम्ही तिला विचारले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, 'आजीच की.'

आता पुण्याकडे वळू. आमच्यातल्या दुसरीच्या लहानपणीही पाण्याचे डबे होते, उतार होता, पहाट होती. वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहराचा सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. तिथे, हनुमान टेकडीवर आणि इतर टेकड्यांवरही, फिरायला जाणारी माणसे गेली कित्येक दशके घरून पाणी नेऊन झाडांना घालत आली आहेत. निवृत्त प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, डॉक्टर, गृहिणी, मधूनच एखादा तालमीतला पोरगा. कोणी आळी करतो, कोणी वणवा लागू नये म्हणून गवत कापून पट्टे काढतो, कोणी पायवाटेवरचा प्लास्टिकचा कचरा उचलतो. पगार नाही, हुकूम नाही. वरळीच्या उतारावर जे चालले होते, तेच हे. हातातला डबादेखील बहुधा त्याच तेलाचा.

पण पुण्याच्या या कामाला पहिल्यापासून नाव आहे. 'टेकडी' हा तिथे नुसता भूभाग राहिलेला नाही, तो एक संस्कार झाला आहे. 'रोज टेकडीवर जातो' या वाक्यात आरोग्य आहे, शिस्त आहे, निसर्गप्रेम आहे आणि थोडा अभिमानही आहे. त्या कामाला वृक्षमित्र, संवर्धन, लोकसहभाग हे शब्द मिळाले. वृत्तपत्रांतून वाचकांची पत्रे छापून आली. नव्याने समाविष्ट झालेल्या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांसाठी जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले, आणि 'बीडीपी' हे त्याचे इंग्रजी लघुरूप पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यात रुळले. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडी कापून नेण्याचे घाटत होते, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये शेकडो माणसे मोर्चाने रस्त्यावर उतरली. शब्द आधी असल्यामुळे माणसे गोळा झाली, असे आमच्यातली पुणेकरीण म्हणते. माणसे वजनदार होती म्हणून शब्द मिळाले, असे वरळीकर म्हणतो. गार झालेला चहा तो हाच.

एवढेच नव्हे, पुण्याच्या टेकड्यांवर झालेल्या चुकांवरही तिथे रीतसर चर्चा झाली. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाने उतारच्या उतार व्यापले आणि त्याखाली दुसरे काही वाढेना. अभ्यासक असेही सांगू लागले की या टेकड्या मुळात गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या. जिथे तिथे झाड लावणे आणि त्याला उन्हाळाभर पाणी घालणे हे त्या जागेच्या स्वभावाविरुद्ध आहे, गवतातल्या पक्ष्यांचे आणि किड्यांचे त्यात नुकसान आहे. वर्षानुवर्षे पाणी घालणाऱ्यांना हे ऐकताना यातना झाल्या असतील. पण वाद झाला, आणि तो मराठीत झाला. काहींनी आपली पद्धत बदलली, काहींनी नाही. वरळीच्या गडग्यांवर असा वाद कोणी घातला नाही, कारण वाद घालण्यासाठी मुळात ती गोष्ट अस्तित्वात आहे असे मानावे लागते.

वरळीच्या जागेला शेवटी एक नाव मिळाले. त्याची हकीकत सांगणे आम्हाला जड जाते, कारण ती सरळ नाही.

1989-90 च्या सुमाराच्या एका पावसाळ्यात खालच्या गडग्याला लागून एका कुटुंबाने प्लास्टिकचा कागद टाकला. नवरा, बायको, दोन मुले. नाक्यावर मजुरी करणारी माणसे. कागदाखाली चूल पेटली. चुलीसाठी अडुळसा तुटला, आणि पपईची फळे रात्रीतून गेली ती त्यांनीच नेली असे गृहीत धरले गेले. बाग राखणाऱ्यांनी आधी समजावले, मग दमदाटी केली, मग एका कार्यालयात जाऊन अर्ज दिला. अर्ज लिहून दिला तो आमच्या वरळीकराने. वय वर्षे दहा-अकरा, अक्षर चांगले म्हणून. 'सदर इसमाने डोंगरउतारावर अतिक्रमण केले आहे' हे त्याने आयुष्यात लिहिलेले पहिले शासकीय मराठी वाक्य. आठ दिवसांत गाडी आली आणि कागद उचलला गेला. माणसे कुठे गेली ते कोणी विचारले नाही. त्या वर्षी अनंत पहिल्यांदा फुलला, हे त्याला आठवते, आणि हे दोन्ही एकत्र आठवते याची त्याला लाज वाटते.

पुढे पाच-सहा वर्षांनी तशीच गाडी बागेसाठी आली. संरक्षक भिंत बांधायची होती, आणि पावसाळ्यात दरडी कोसळणाऱ्या शहरात भिंतीला कोणी नाही म्हणावे? पण दगड उपसायला आलेल्या माणसाच्या हातातल्या कागदावर बागेसाठी शब्द होता तो तोच. अतिक्रमण. ज्यांनी तो शब्द दुसऱ्यासाठी लिहवून घेतला होता, त्यांच्याकडे त्याला उत्तर द्यायला दुसरा शब्द नव्हता. भिंतीच्या वर पुढे लोखंडी कठडा आला, शोभेची झाडे आली आणि 'सुशोभीकरण' असा फलक आला. त्यावर नावे होती. ती पाणी घालणाऱ्यांची नव्हती हे सांगायला नको.

हे सगळे प्रशासनाच्या माथी मारून मोकळे होता येईल, पण आम्ही मराठीचे शिक्षक आहोत आणि आमच्या माथी जे येते ते आधी पाहिले पाहिजे. त्या माणसांकडे शब्द का नव्हता? मराठीत तो नव्हता म्हणावे, तर तेही खरे नाही. सावता माळ्याने मळ्यातल्या कामालाच भक्ती मानले, पंढरीला न जाता. फुल्यांचे आडनावच पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायातून आले. मातीत हात घालणाऱ्या माणसाला प्रतिष्ठा देणारी परंपरा आपल्याकडे आठशे वर्षांची आहे. मात्र शहरात आल्यावर ती दोन वाटांनी फुटली. एक वाट ललितगद्याची. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' 1956 चे, आणि मुंबईत राहूनही ऋतू किती बारकाईने पाहता येतात याचा तो आजही आदर्श आहे; डॉ. शरदिनी डहाणूकरांनी तर परळच्या के. ई. एम. रुग्णालयात औषधशास्त्राचे काम करता करता झाडांवर लिहिले. या दोघींविषयी आम्हाला आदरच आहे. पण त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळशा ललित लेखनात झाड हे बघायचे असते. ते फुलते, लेखकाचे मन फुलते. त्याला पाणी कोणी घातले हा प्रश्न निबंधाच्या बाहेर राहतो.

दुसरी वाट कामगार साहित्याची. तिथे हात आहेत, हातांशिवाय दुसरे काही नाही म्हटले तरी चालेल. पण ते यंत्रावर आहेत किंवा मूठ वळून वर गेलेले आहेत. मराठीत मुठीचा आणखी एक अर्थ आहे, जो या कामगारांच्या बापांना पुरता ठाऊक होता: पेरणीच्या वेळी चाड्यावर धरतात ती मूठ. गिरणगावच्या साहित्यात ही दुसरी मूठ आम्हाला क्वचितच भेटली. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात संपानंतरचे घर ज्या निर्दयपणे उभे राहते, तसे मराठीत दुसरीकडे नाही असे आमचे मत आहे. त्या घरातल्या माणसांना कुंडी लावायला सुचणार नाही, हे त्या नाटकाचे सत्य आहे. पण त्याच काळात, त्याच गिरणगावात, पगार बंद झालेला एखादा माणूस सकाळी डबा घेऊन डोंगर चढत होता, हेही सत्य आहे. ते लिहिले गेले असते तर संपाचे दुःख सौम्य झाले असते, अशी भीती लेखकांना वाटली असेल काय? तशी ती आम्हालाही वाटते. बेकारीला फुले चिकटवून तिला देखणी करण्याचे पाप लहान नव्हे. म्हणूनच कागदाखालचे कुटुंब या लेखात यायलाच हवे होते.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे आमच्या वादात वारंवार आली. चंडीगडमध्ये नेकचंद हा रस्ते-निरीक्षक वर्षानुवर्षे संरक्षित वनजमिनीवर चोरून टाकाऊ वस्तूंची बाग उभारत राहिला. उघडकीस आली तेव्हा ती पाडायचीच होती. पण 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि त्याला पगारही मिळाला. सिडनीमध्ये चित्रकार ब्रेट व्हाइटली 1992 साली वारल्यानंतर त्याची पूर्वपत्नी वेंडी हिने घरासमोरच्या उतारावरची, रेल्वेची पडीक आणि कचऱ्याने भरलेली जमीन साफ करून बाग केली. परवानगी तिने कधी मागितली नाही. 2015 मध्ये तिथल्या सरकारने ही जमीन 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने बागेसाठी राखली. कायद्याच्या भाषेत ही दोन्ही अतिक्रमणेच. पण एकाला 'कला' हा शब्द मिळाला आणि दुसरीला 'स्मृती' हा. वरळीच्या उतारावर कलावंत कोणी नव्हता, आणि ज्याच्या स्मृतीसाठी बाग करावी असा एकच कोणी गेलेला नव्हता. गेली होती ती नोकरी, आणि नोकरीचे स्मारक करायची रीत नाही.

वरळीतल्या चाळी आता जात आहेत. पुनर्विकासातल्या उंच इमारतींत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना घराच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत. याबद्दल गळा काढणाऱ्यांत आम्ही नाही. सार्वजनिक संडासासमोर रांग लावून ज्यांनी आयुष्य काढले त्यांना जुन्या चाळीतल्या आपुलकीवर व्याख्यान द्यायला आम्ही कोण? नव्या इमारतीत उजेड आहे, नळाला घरात पाणी आहे, आणि उद्वाहन चालू असले तर म्हातारी माणसे खालीही येऊ शकतात. आमची काळजी वेगळी आहे. ज्या पिढीने डोंगरावर पाणी नेले ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्याबरोबर गडगा आणि ताल यांतला फरक जाईल, अनंताची फांदी कुणाकडून कुणाकडे गेली तो क्रम जाईल, आणि नळावर कोण उभे होते तेही जाईल. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास गोळा केला, मराठीत तो 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावाने आला. त्या कामाने हे दाखवून दिले की विचारले तर माणसे सांगतात. आमच्या विभागांतून लोकसाहित्याच्या नावाखाली मुलांना ओव्या गोळा करायला गावी पाठवतात. त्यांना आपल्याच जिन्यातल्या आजोबांकडे वही घेऊन पाठवायला कोणाची हरकत आहे? अभ्यासमंडळाची परवानगी लागत नाही. वीस गुणांचा स्वाध्याय आपल्याच हातात असतो.

यावर आमच्यातल्या पुणेकरणीचा एक आक्षेप आहे आणि तो इथे नोंदवतो. तिचे म्हणणे, एकदा आपण गुण द्यायला लागलो की दोन वर्षांत प्रत्येक वहीत डबा घेऊन डोंगर चढणारे आजोबा येतील, जशी आज परडी घेतलेली आजी येते. वरळीकराकडे याला उत्तर नाही. तो एवढेच म्हणतो की प्रत्येक झाडापुढे ते देणाऱ्याचे नाव लिहायला सांगावे. नावे उसनी आणणे सड्यापेक्षा अवघड जाते.

त्या मुलीला आम्ही नंतर बोलावून घेतले. तिचे आजोबा आहेत, नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर राहतात. अनंताची फांदी त्यांनी भिंतीच्या वेळी काढून चाळीच्या जिन्यात डब्यात लावली होती आणि घर बदलताना तो डबा त्यांच्याबरोबर आला. गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत अशी सूचना खाली लावलेली आहे, त्यामुळे तो आत, खिडकीखाली आहे. पाणी अजून आजीच घालते. आजोबा त्या जागेला काय म्हणतात असे आम्ही विचारले. 'वर,' ती म्हणाली, 'पण आता आम्हीच वर राहतो ना, म्हणून त्यांचा घोळ होतो.' स्वाध्यायाला तिने शीर्षक दिलेले नव्हते. 'वर' लिहिले तर चालेल का, असे तिने विचारले. आम्ही हो म्हटले. तिला आम्ही वीसपैकी तेरा गुण दिले होते. शब्दमर्यादा पाळली नाही म्हणून चार कापले होते, आणि उरलेले तीन कशाचे कापले ते आम्हा दोघांनाही आठवेना.